जुनं मशीन चालू आहे तोवर

सकाळी बाबांनी शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावली. मी चहाचा कप घेऊन खोलीत गेले तर ते खाटेच्या कडेला बसलेले, पाय जमिनीला टेकलेले, अंगात निळा शर्ट आणि गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं जागच्या जागी. एकही काज चुकलेलं नव्हतं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात. मी कप स्टुलावर ठेवला, सवयीने वाकले, दोन्ही हात त्यांच्या गळ्याशी नेले, आणि तिथे माझ्या हातांना काही कामच नव्हतं. "झालंय," बाबा म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून पुढे म्हणाले, "दादा यायचाय ना. म्हटलं तयार असलेलं बरं." दादा हॉटेलात उतरला होता, गाडी घेऊन यायचा होता दुपारी. हे सकाळी चहाच्या आधी तयार होते. मी हात मागे घेतले आणि खाटेवरची चादर उगाच सरळ केली. ती सरळच होती.

ऑफिसात आले तरी माझी बोटं त्या गळ्याशीच अडकून होती. आमची कंपनी औषधं करते. गोळी बाजारात गेली की तिच्या तपासणीच्या नोंदी वर्षानुवर्षं सांभाळाव्या लागतात. जुन्या नोंदी उघडतात फक्त एका जुन्या प्रोग्रॅममध्ये, तो प्रोग्रॅम चालतो एका जुन्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, आणि ती सिस्टीम चालते मशीनच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या एका पिवळट पडलेल्या डब्यावर. तो डबा मीच बसवला होता, तेव्हा तो पांढरा होता आणि माझेही केस काळे होते. या आठवड्यात त्याच्या डिस्कमधून टक्-टक् आवाज यायला लागला. असा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. साहेबांना मात्र सांगावं लागलं, की ही डिस्क आता कधीही मरेल. साहेब माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहेत, माझ्याशी बोलताना खुर्चीतून अर्धवट उठतात आणि प्रत्येक कामाला "सोपंय ना, मॅडम?" विचारतात. "सोपंय," मी म्हटलं. "नव्या सर्व्हरच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन करायचं, म्हणजे खोटं मशीन. त्यात जुनी सिस्टीम नव्याने बसवायची. तिला कळूही द्यायचं नाही की आपल्याखाली खरं लोखंड नाही." साहेब हसले. "आज तुम्हाला घरी जायचं होतं ना?" "जेवणाच्या सुट्टीपर्यंत होईल. मग जाईन."

जायचंच होतं मला. गाडी निघायच्या आत घरी पोचायचं होतं आणि एकच वाक्य म्हणायचं होतं: बाबा, नका जाऊ. गेल्या आठवड्यात दादा आला, विमानाचा शीण अजून उतरलेला नव्हता, आणि पहिल्याच रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, चला माझ्याकडे. कायमचे." बाबांनी हातातला चमचासुद्धा खाली ठेवला नाही. "चल," म्हणाले. बागेपर्यंत एक चक्कर मारून येऊ म्हटल्यावर म्हणावं तसं. मी समोर बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही. मी भांडी उचलली. तेव्हापासून ते वाक्य माझ्या घशात होतं. पहिले दोन दिवस वाटलं, म्हातारपणचा उत्साह आहे, ओसरेल. मग खाटेखाली भरलेली बॅग दिसली. बॅगेची चेनही त्यांनी स्वतःच ओढली असणार, हे मला आज सकाळी त्या बटणांकडे बघताना सुचलं.

खोटं मशीन करायला घेतलं. त्याला एकच प्रोसेसर दिला, मेमरी चिमूटभर दिली, डिस्कही लहानशी, कारण जास्त दिलं की ही जुनी सिस्टीम बुजते. तिच्या काळात एवढं मोठं काही नव्हतंच. नेटवर्कचं कार्डही मुद्दाम तिच्या ओळखीचं, जुन्या जातीचं निवडलं. नव्या सर्व्हरची ताकद एवढी की त्यात असली पन्नास मशीनं मावतील, आणि मी त्याच्या एका कोपऱ्यात भिंती घालून म्हाताऱ्याची खोली करत बसले होते. जुनी सीडी माझ्या खणात होती. घातली. पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली, तीच, त्याच ओळीत. हा निळा रंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारी तो होता. तो म्हणजे इंजिनियर, सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेला. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडायचा आणि खाली आल्या की बोलता बोलता पुन्हा दुमडायचा. मला तेव्हा या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. फायली उतरत असताना करण्यासारखं काही नसतं, पिवळी पट्टी सरकताना बघत बसायचं, आणि अशा वेळी माणसं बोलतात. आम्ही बोललो. त्याच वर्षी अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू गेली होती. आई आधीच गेलेली. दादा परदेशी जाऊन स्थिरावत होता, म्हणजे निदान फोनवर तरी "स्थिरावतोय गं" असं म्हणत होता.

पहिले काही महिने बाबांना धड बसताही येत नव्हतं. मग एक व्यायामवाली बाई यायला लागली. हात धरून वर-खाली करायची, रबरी चेंडू दाबायला लावायची, आणि जाताना मला सांगायची, "स्वतःचं स्वतः करू द्या हं त्यांना. वेळ लागला तरी लागू दे." तिचं काय जातंय. वेळ सकाळचा होता आणि तो माझा होता. बाबा बटण चिमटीत धरून काज शोधत बसायचे, बस निघून जायची, मग मी पुढे व्हायचे आणि टपाटप वरून खालपर्यंत लावून टाकायचे. बाबा मान वर करून उभे राहायचे. हनुवटीखालचं पहिलं बटण लावताना त्यांचा श्वास माझ्या बोटांवर यायचा. त्यांनी कधी आभार मानले नाहीत, मला ते नकोही होते. पण दिवस सुरू झाला हे मला त्या बटणांवरून कळायचं. आजारपणात, सुट्टीत, माझ्या अंगात ताप असताना, एकही सकाळ मी चुकवली नाही. मावशी यायची तेव्हा म्हणायची, "पोरीनं बापासाठी जन्म वाहिला." मी म्हणायचे, कसलं गं, बटणं तर लावते. असं म्हणताना मला बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू.

इंजिनियरने विचारलं ते जिन्यात. त्याची बदली झाली होती. "तू चल," म्हणाला, तेही बाह्या दुमडत. मी म्हटलं, "बाबांच्या शर्टाची बटणं कोण लावणार?" तो हसला. मग मी हसत नाहीये हे बघून थांबला. म्हणाला, "बिनबटणांचे शर्ट मिळतात." एवढाच प्रयत्न केला त्याने. मला तेव्हा भयंकर राग आला होता, माझ्या दुःखाची थट्टा करतो म्हणून. पुढे कधीतरी भाजी चिरताना वाटलं, उपाय काही वाईट नव्हता.

पिवळी पट्टी संपली, मशीन स्वतःहून बंद होऊन पुन्हा उघडलं, आणि आता प्रश्न विचारणारी चौकट आली. कंपनीचं नाव. सर्व्हरचं नाव. मग तो प्रश्न: हे मशीन कोण? तीन पर्याय. मुख्य, दुय्यम, स्वतंत्र. ही सिस्टीम ज्यांनी बसवली आहे त्यांना हा पडदा झोपेतही आठवतो, कारण इथे दिलेलं उत्तर नंतर फिरवता येत नाही. मुख्य मशीनकडे सगळ्यांची ओळख असते: कोण माणूस खरा, कुणाला कुठलं दार उघडायचं. दुय्यम मशीन त्या ओळखीची नक्कल सांभाळतं, मुख्याच्या मागे उभं राहतं आणि वेळ आली तर त्याच्या जागी बसतं. स्वतंत्र मशीन कुणाचं कुणी नसतं. पहिल्या वेळी माझा हात अडला होता तेव्हा तो म्हणाला होता, "मुख्य निवड. पहिलं आहे ना हे, घाबरतेस कशाला." आज उत्तर दुसरं होतं. प्रयोगशाळेच्या नोंदी मी केव्हाच उतरवून घेतल्या होत्या, पण त्या उघडण्याचा हक्क कुणाकुणाला आहे ती ओळख फक्त जुन्या डब्यात होती. तेच नाव देऊन नवं मुख्य मशीन उभं केलं तरी कुणी त्याला ओळख देणार नाही, नावाला इथे किंमत नसते. त्यामुळे नव्याला आधी दुय्यम म्हणून बसवायचं, जुन्याकडून सगळी ओळख घ्यायची, आणि हे जुनं मशीन चालू आहे तोवरच करायचं. ते एकदा बंद पडलं की ओळख देणारं कुणी उरत नाही. हे मला पाठ आहे. नव्या पोरांना मीच शिकवते.

दुय्यम. मी त्या शब्दाकडे बघत बसले. दर रविवारी दादाचा फोन यायचा. फोनआधी बाबा केस विंचरून बसायचे, फोनला काय दिसणार होतं कोण जाणे. आवाज वेगळा लागायचा त्यांचा, भरदार. "मस्त आहे, राजा. इथे काय, सगळं होतं व्यवस्थित." सगळं होतं. कोण करतं हे त्या वाक्यात कधी नसायचं. मला दोघेही अजून छोटी म्हणतात. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, पण घरात मी छोटी. दादाने इतक्या वर्षांत काय केलं? एक ऐकायचं यंत्र पाठवलं, ते बाबांच्या कानात बसेना. एक घोंगडीएवढा जाड, मऊ कोट पाठवला, तो बाबांनी अंगाला न लावता कपाटात जपून ठेवला, आणि तो आज चढवून ते जाणार. कोणी म्हणेल बाई, हा मत्सर आहे. असेल. मत्सर करायलासुद्धा जवळ काहीतरी असावं लागतं, आणि माझ्याजवळ ती बटणं होती.

"मॅडम, कुठवर आलं?" दारातून प्रयोगशाळेच्या बाईंनी विचारलं. पांढरा कोट, कपाळावर चष्मा, कायम घाईत. "होतंय," मी म्हटलं. "आमच्या नोंदी जाणार नाहीत ना? नाहीतर तपासणीवाले माझी चामडी सोलतील." "जाणार नाहीत." "तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे बघा," असं म्हणून त्या घाईने गेल्या. मी पुढचं बटण दाबलं.

फायली पुन्हा उतरायला लागल्या. कोपऱ्यात जुना डबा टक्-टक् करत होता. मी चपातीचा एक तुकडा मोडला आणि माझा जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवला. दादाला मी म्हटलं होतं परवा, बाबा झोपल्यावर, "या वयात माणूस हलवू नये रे. अशी जुनी मशीनं आम्ही कधी बंद करत नाही. चालू असतात तोवर वर्षानुवर्षं चालतात. एकदा थांबवली की परत उठत नाहीत." दादा हसला. "छोटे, बाबा म्हणजे काय मशीन आहे का? आणि तुला विश्रांती नको? किती करशील?" त्याच्या आवाजात खरंच माया होती, तीच मला सहन झाली नाही. विश्रांती घेऊन मी काय करू, हे त्याला विचारायला हवं होतं. सकाळी उठू आणि काय करू? मी म्हटलं, "पाणी हवंय का तुला?" आमच्या घरात अवघड काही आलं की आम्ही पाणी विचारतो.

मशीन पुन्हा उघडलं तेव्हा जेवणाची सुट्टी होत आली होती. सगळं नीट झालेलं दिसत होतं, म्हणून मला आधी काही उमगलंच नाही. जुन्या मुख्याकडून ओळखीची यादी यायला हवी होती, ती आली नाही. मी नेटवर्क तपासलं, कार्ड तपासलं, वायर ओढून पुन्हा खोचली. मग मशीनला तू कोण ते विचारलं. ते म्हणालं, स्वतंत्र. मी निवडलं होतं. बोट घसरलं म्हणावं तर पर्याय एकाखाली एक असतात आणि पुढचं बटण दाबण्याआधी माणूस एकदा वाचतो. मीही वाचलं असणार. नव्या पोरांनी ही चूक केली की मी त्यांची हजेरी घेते, कारण याला दुरुस्ती नाही. स्वतंत्राला मागाहून दुय्यम करता येत नाही. सगळं पुसायचं आणि निळ्या पडद्यापासून पुन्हा सुरुवात. मी घड्याळाकडे पाहिलं, डब्याचा आवाज ऐकला. तो आवाज आता टक्-टक् राहिला नव्हता, मध्येच घसा खरवडल्यासारखा येत होता. आत्ता उठून घरी गेले तर बाबा भेटतील, पण परत येईपर्यंत हा टिकेल याची खात्री नाही. मी साहेबांना सांगू शकले असते. "साहेब, चूक झाली, उद्या बघू," एवढं म्हटलं असतं तर ते खुर्चीतून अर्धवट उठून "हो हो, मॅडम, जा तुम्ही" म्हणाले असते. मी नाही सांगितलं. मी पुसलं आणि सीडी पुन्हा फिरवली. काम महत्त्वाचं होतं असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर दारात उभं राहून ते वाक्य म्हणायची मला भीती वाटत होती, आणि ती चूक मला आयतीच सापडली होती.

निळा पडदा. पिवळी पट्टी. कंपनीचं नाव, सर्व्हरचं नाव. तीन पर्याय. या वेळी मी बोट ठेवून वाचलं आणि दुय्यम निवडलं. मशीन मुख्याला शोधायला लागलं. त्याच वेळी फोन वाजला.

"छोटे, आहेस कुठे? गाडी आलीये खाली."

"दादा, निघता येत नाहीये. इथे मशीन—"

"आज तरी राहू द्यायचं होतंस गं. थांब, बाबांशी बोल."

मग फोन हातातून हातात गेल्याची खसखस, आणि बाबांचा रविवारचा आवाज. "हां, बोल."

"बाबा, सगळं घेतलंत? गोळ्या?"

"घेतलं. दादानं घेतलं सगळं."

"बाबा," मी म्हटलं, आणि ते वाक्य जिभेवर आलं. समोर पडद्यावर ओळ उमटली, मुख्य मशीन सापडलं. "सकाळी बटणं कशी लावलीत तुम्ही?"

"कशी म्हणजे? हातानं."

"तुम्हाला येतात लावता?"

"येतात की. ती व्यायामाची बाई यायची ना, तिनंच शिकवलं. उजव्या हातानं काज नुसतं दाबून धरायचं आणि डाव्यानं बटण ढकलायचं. तिची ती पद्धतच होती."

"म्हणजे तेव्हापासून?"

"तेव्हापासूनच."

"मग इतकी वर्षं मी रोज सकाळी..."

"तू लावायचीस," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात काही नव्हतं, ना राग, ना थट्टा. "तुला बरं वाटायचं. म्हटलं, लावू दे."

मागून दादा म्हणाला, चला बाबा, जिना सावकाश. बाबा म्हणाले, "ये हं तिकडे एकदा. दादाकडे जागा पुष्कळ आहे." मी म्हटलं, "येईन." नमस्कार करायचा राहिला, सावकाश जा म्हणायचं राहिलं. नका जाऊ हे तर आता म्हणण्यासारखं उरलंच नव्हतं. फोन बंद झाल्यावर मी तो बराच वेळ कानाला धरून बसले. जिना आठवला. मी "कोण लावणार" म्हणाले त्या दिवशी सकाळीसुद्धा बाबा मान वर करून उभे होते. त्यांच्या बोटांना तेव्हाही सगळं येत होतं. ते श्वास सोडत होते आणि मला बरं वाटू देत होते. मी त्यांना सांभाळते असं सगळे म्हणत होते, आणि सकाळी तेवढा वेळ ते मला सांभाळत होते, कंटाळा न दाखवता. मला राग यावा असं त्यात काही नव्हतं. म्हणूनच तो आला आणि जाईना. निदान एकदा झिडकारलं असतंत, मनात म्हटलं. निदान म्हणाला असतात, हो बाजूला, मला येतात.

पडद्यावर ओळख उतरत होती, एकेक नाव. जुना डबा घसा खरवडत होता पण देत होता. सगळं आलं. मी नव्या मशीनला मुख्य केलं. मुख्य एकच असतो, त्यामुळे जुनं त्याच क्षणी आपोआप दुय्यम होतं, त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्याने कुरकुर केली नाही. प्रयोगशाळेच्या बाईंना फोन केला, त्यांनी जुनी नोंद उघडून पाहिली. "उघडली," म्हणाल्या, "काही फरकच कळत नाही." मी म्हटलं, "कळू नयेच."

साहेब आले. पडद्याकडे बघून खूश झाले, मग कोपऱ्यातल्या डब्यापाशी गेले. "याचं आता काय?"

"बंद करायचा."

"आणि गरज पडली तर चालू होईल ना परत?"

"नाही होणार."

साहेब जरा गोंधळले. इतकी वर्षं चाललेलं काही बंद करताना माणसं गोंधळतातच. "मग राहू द्या की, मॅडम. काय खातोय तो? कोपऱ्यात पडलाय बिचारा. चालतोय तोवर चालू दे. त्यालाही बरं वाटेल."

"नको," मी म्हटलं. "त्याला खरं काय ते कळू दे."

आणि मी बटण दाबलं. पंखा हळूहळू उतरत गेला, डिस्क एकदा खरवडली आणि थांबली. साहेब गेल्यावर मी दिवा मालवायचा विसरून खुर्चीत बसून राहिले. घरी जायची घाई नव्हती.